एमजीबीची बॅटरी : आधी खड्डा मोजा, मग दुकानात जा

नव्या गाडीची बॅटरी गेली की काम सोपं असतं. दुकानदाराला मॉडेल आणि साल सांगायचं, तो यादी बघतो, खोका आणून ठेवतो. साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारला हा मार्ग बंद असतो. तिच्या मूळ मापाची बॅटरी बहुतेक दुकानांत नसते, आणि यादीत जे पर्याय छापलेले असतात ते निम्म्या वेळा त्या गाडीच्या वेगळ्याच सालाला लागू पडतात. म्हणून इथे 'किती ताकदीची घ्यावी?' हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर जातो. आधी तीन गोष्टी बघायच्या : बॅटरी ज्या जागेत बसते ती जागा, तिला येऊन मिळणाऱ्या वायरी, आणि तिला चार्ज करणारं यंत्र. या तिघांशी जुळली तर बॅटरी स्वस्तातली असली तरी चालते. एकाशी जरी जुळली नाही तर महागडी बॅटरीही वर्षभरात निकामी होते.

उदाहरण म्हणून एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनली. उघड्या छपराची रोडस्टर आणि १९६५ पासून बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. ब्रिटन आणि अमेरिकेत हौशी माणसाची पहिली क्लासिक बहुतेक वेळा हीच असते, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं तर गाठ पडायची शक्यता हिच्याशीच जास्त. शिवाय बॅटरीच्या बाबतीत जेवढ्या भानगडी असू शकतात, त्यातल्या जवळपास सगळ्या हिच्यात एकत्र सापडतात.

पहिली भानगड म्हणजे बॅटरी बॉनेटखाली नाहीच. ती सीटच्या मागे आहे. मागचा गालिचा उचलायचा, त्याखालचं पत्र्याचं झाकण काढायचं, की खाली दोन चौकटी दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरतो. १९७४ च्या शरदापर्यंत, म्हणजे काळे रबरी बंपर येईपर्यंत, या दोन चौकटींत दोन बॅटऱ्या असायच्या आणि प्रत्येक ६ व्होल्टची. दोघी एका केबलने ओळीत जोडलेल्या, म्हणून मिळून १२ व्होल्ट. हिच्या आधीच्या एमजीए या गाडीतही हीच रचना होती. वजन मागच्या चाकांजवळ आणि खाली ठेवायचं, पण त्या काळची १२ व्होल्टची बॅटरी शाफ्टच्या एका बाजूला मावत नव्हती, म्हणून तिचे दोन तुकडे केले. रबरी बंपरच्या गाड्यांत मात्र उजव्या बाजूला एकच १२ व्होल्टची बॅटरी आली.

इथे एक हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. मूळच्या ६ व्होल्टच्या बॅटऱ्या ५८ अँपिअर-अवरच्या (हे साठ्याचं माप) होत्या. दोन आहेत म्हणून एकूण ११६ झाले, असं नाही. ओळीत जोडल्या की व्होल्टची बेरीज होते, अँपिअर-अवर तेवढेच राहतात. म्हणजे गाडीला मिळत होती ती १२ व्होल्ट, ५८ अँपिअर-अवरची एक बॅटरी, दोन खोक्यांत विभागलेली. त्यामुळे 'दोन काढून एक लावली तर ताकद निम्मी होईल' ही भीती निराधार आहे.

मग दोनच ठेवाव्यात की एक लावावी? माझं मत सरळ आहे : गाडी प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभी करायची नसेल, तर एकच १२ व्होल्टची लावा. ६ व्होल्टच्या बॅटऱ्या आजही मिळतात, पण मागणी कमी म्हणून महाग, आणि दुकानात किती महिने पडून होत्या याचा भरवसा नाही. त्यातून एक गेली आणि एकच बदलली तर आणखी वाईट. ओळीत जोडलेल्या दोघींतून करंट सारखाच वाहतो, त्यामुळे जुनी कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि नवी तिच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहते. तिचे कमजोर सेल (आतले कप्पे) उलट दिशेने चार्ज व्हायला लागतात आणि कायमचे खराब होतात. बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच सुमाराला बनलेल्या. दोन बॅटऱ्या म्हणजे चार टर्मिनल आणि मध्ये आणखी एक केबल. गंज धरायला दुप्पट जागा. एक लावली की दुसरी चौकट मोकळी होते, आणि तिथे हत्यारांचा डबा ठेवणारे मालक पुष्कळ आहेत.

आता माप. चौकटीची आतली लांबी, रुंदी आणि तळापासून वरच्या झाकणाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची टेपने मोजा. कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण साठ वर्षांत बऱ्याच गाड्यांच्या चौकटी गंजून गेल्या, कापल्या गेल्या, नव्या वेल्ड झाल्या, आणि वेल्ड करणाऱ्याने जे बसवलं ते आता तुमचं माप आहे. मोजता मोजता तळही हाताने चाचपा. वर्षानुवर्षं सांडलेल्या अॅसिडने तिथला पत्रा खाल्लेला असतो. दहा-पंधरा किलोचं वजन ज्यावर ठेवायचं तो पत्रा बोटाने दाबला जात असेल, तर बॅटरीच्या आधी वेल्डरकडे जावं लागेल.

बॅटरीवरची मापाची नावं तीन घराण्यांची असतात. अमेरिकेत 'ग्रुप' नंबर चालतो. एमजीबीच्या एका चौकटीत तिथले मालक बऱ्याचदा ग्रुप २६ बसवतात. तिचं माप साधारण २०८ मिलिमीटर लांब, १७३ रुंद, १९७ उंच. युरोपात 'एल' आणि 'एलबी' अशी नावं आहेत. दोन्हींची रुंदी १७५. एल म्हणजे उंची १९०, एलबी म्हणजे उंची १७५, आणि पुढचा आकडा लांबी सांगतो : १ असेल तर २०७, २ असेल तर २४२, ३ असेल तर २७८. म्हणजे युरोपातली एल१ ही अमेरिकेतल्या ग्रुप २६ च्या जवळपास मापाची, आणि एलबी१ तेवढीच लांब पण दीड सेंटिमीटर बुटकी. भारतात 'डिन ४४', 'डिन ५०' म्हणून ज्या मिळतात त्या याच कुळातल्या. तिसरं घराणं जपानी, आणि ते आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमुळे ओळखीचं आहे : ३८बी२०एल वगैरे. यातला ३८ हा ताकदीचा निर्देशांक, 'बी' म्हणजे खोक्याच्या रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचा 'एल' किंवा 'आर' म्हणजे प्लस-मायनस कुठल्या बाजूला.

जपानी मापात एक सापळा आहे. बी वर्गाच्या बॅटरीची उंची २०३ मिलिमीटर दिलेली असते, पण ती खोक्याची. टर्मिनलचे खांब त्याच्याही वर येतात आणि एकूण उंची २२५ च्या आसपास जाते. युरोपीय मापात टर्मिनल खाचेत दबलेले असतात, म्हणून १७५ किंवा १९० ही एकूण उंची. बॉनेटखाली दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. एमजीबीत मात्र बॅटरीच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण आहे, आणि तो पत्रा म्हणजे गाडीची बॉडी, जिला बॅटरीचा एक ध्रुव जोडलेला असतो. टर्मिनल झाकणाला टेकलं, किंवा मागे कुणी जड बॅग टाकली आणि झाकण वाकून टेकलं, की थेट शॉर्ट सर्किट, तेही इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या शेजारी, कारण एमजीबीचा इलेक्ट्रिक पंप उजव्या चौकटीजवळच बसवलेला असतो. म्हणून बुटकी बॅटरी मिळत असेल तर बुटकीच घ्या, आणि तरीही टर्मिनलवर रबरी टोप्या आणि झाकणाच्या आतून रबराचा पट्टा लावा. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

बॅटरी घट्ट धरणारी पट्टी आणि तिचे लांब बोल्ट हेही मापातच धरा. नुसती चौकटीत ठेवलेली बॅटरी वळणावर सरकते, खाली शाफ्ट फिरतोय हे विसरू नका. पट्टी लोखंडी असेल तर ती टर्मिनलच्या वाटेत येत नाही ना, हे दुकानातच डोळ्यांसमोर आणून बघा.

आता वायरींकडे. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आज सगळ्या गाड्यांत मायनस बॉडीला असतो, पण त्या काळात कित्येक ब्रिटिश गाड्या अशाच होत्या. जग्वारच्या ई-टाइपनेही १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं तेव्हाच बाजू बदलली. अशा गाडीला वेगळी बॅटरी लागते का? नाही. बॅटरी तीच, फक्त उलट जोडायची. अडचण येते ती केबलच्या लांबीत. बॉडीला जाणारी पट्टी आखूड असते, तेव्हा तुमच्या गाडीत जो ध्रुव बॉडीला जातो तो त्या पट्टीच्या बाजूला यायला हवा. म्हणूनच टर्मिनलची मांडणी महत्त्वाची. अक्षरांवर विसंबू नका, कारण 'डावं-उजवं' कुठून बघायचं यावर कंपन्यांचं एकमत नाही. बॅटरी टर्मिनलची बाजू आपल्याकडे करून ठेवा, प्लस कुठल्या हाताला आहे बघा, आणि मोबाइलवर चौकटीचा फोटो काढून आणला असेल तर त्याच्याशी ताडून घ्या.

खांबांची जाडीही सारखी नसते. प्रचलित युरोपीय आकारात प्लसचा खांब तळाशी १९.५ मिलिमीटर आणि मायनसचा १७.९. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, उलट जोडणी होऊ नये म्हणून. जपानी छोट्या बॅटऱ्यांचे खांब आणखी बारीक, १४.७ आणि १३ च्या आसपास. जुन्या जाड क्लॅम्पमध्ये बारीक खांब घातला की क्लॅम्प पूर्ण आवळूनही हलत राहतो. मग लोक पत्र्याचा तुकडा कोंबतात. कोंबू नका, शिशाच्या बांगड्या मिळतात त्या लावा किंवा क्लॅम्प बदला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत क्लॅम्पऐवजी शिशाची टोपीही असते, खांबावर वरून बसणारी आणि मधोमध एका स्क्रूने धरलेली. आजच्या बॅटरीच्या खांबाला त्या स्क्रूसाठी भोक नसतं. टोपी दिसायला अस्सल आहे, पण पकड तिची कायम संशयास्पद. मी असतो तर ती डब्यात जपून ठेवली असती आणि गाडीला साधा क्लॅम्प लावला असता.

प्लस बॉडीला असलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या. 'बॅटरी काढताना आधी मायनस सोडा' हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो. त्यामागचा खरा नियम आहे 'आधी बॉडीची केबल सोडा', कारण ती सुटली की पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. या गाडीत बॉडीची केबल प्लसची आहे, तेव्हा आधी प्लस सुटेल आणि लावताना शेवटी प्लस लागेल. दुसरी गोष्ट, जंप स्टार्ट. शेजारी नवी गाडी लावून प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडता येतं, पण दोन गाड्यांच्या बॉड्या कुठेही, बंपरलासुद्धा, एकमेकींना टेकता कामा नयेत. एकीची बॉडी प्लस आहे, दुसरीची मायनस.

काही मालक या कटकटीला कंटाळून गाडी मायनस अर्थिंगवर (म्हणजे मायनस बॉडीला) उलटवून घेतात. होतं ते, पण नुसत्या बॅटरीच्या केबल फिरवून नाही. डायनामोला (इंजिनाने फिरणारं, बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) नवीन ध्रुव 'शिकवावा' लागतो, म्हणजे बॅटरीच्या तारेने त्याच्या फील्डच्या टोकाला क्षणभर स्पर्श करावा लागतो. इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) असेल तर तो आतून बदलून घ्यावा लागतो. म्हणूनच कुणाकडून विकत घेतलेल्या जुन्या एमजीबीत पुस्तकात काय लिहिलंय याला अर्थ नाही. तुमच्या गाडीत बॉडीला कुठली केबल गेलीय ते बघा. मधल्या एखाद्या मालकाने फिरवली असेल.

आता ताकद. बॅटरीवर दोन आकडे असतात आणि ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. अँपिअर-अवर म्हणजे साठा. तो वीस तास हळूहळू रिकामा करून मोजतात. ४४ अँपिअर-अवरची बॅटरी वीस तास २.२ अँपिअर देते. सीसीए म्हणजे थंडीत एकदम किती करंट फेकता येतो ते : उणे १८ अंशांवर, ३० सेकंद, आणि तेवढ्यात व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये. हंड्यात पाणी किती मावतं हे एक, आणि त्याच्या तोंडातून ते एका झटक्यात किती ओतता येतं हे दुसरं. सीसीएच्या बाबतीत एक सावधगिरी : वर दिलेली पद्धत अमेरिकी. युरोपीय मोजणीत १० सेकंद आणि ७.५ व्होल्ट, तर जुन्या जर्मन मोजणीत ३० सेकंद आणि ९ व्होल्ट, म्हणून त्याच बॅटरीचा जर्मन आकडा बराच लहान येतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना आकड्यापुढे कुठली मोजणी लिहिलीय ते वाचा.

एमजीबीचं इंजिन १,७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याला ४०० ते ५०० सीसीए भरपूर झाले, आणि ग्रुप २६ किंवा एल१ मापाच्या चांगल्या बॅटरीत तेवढे सहज मिळतात. मिनेसोटा किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात गाडी काढणारा असाल तर वरचा आकडा धरा. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात सीसीएच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. तिथे बॅटरी थंडीने मरत नाही, उन्हाने मरते. उष्णतेने आतल्या शिशाच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंश वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि एडिनबरात गॅरेजमध्ये असलेली गाडी, दोघींना एकाच कंपनीची बॅटरी घातली तरी ती सारखी टिकणार नाही.

अँपिअर-अवर किती हवेत हे मात्र तुमच्या गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर (नंतरच्या गाड्यांतलं चार्जिंगचं यंत्र), यावर ठरतं, आणि हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत लुकासचा डायनामो आहे. तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी राहून इंजिन संथ झालं की जवळपास काहीच देत नाही. आता रात्रीचा खर्च मांडा. दोन हेडलाइट ५०-५० वॉटचे धरले तर आठेक अँपिअर, मागचे आणि बाजूचे दिवे दोन, इग्निशन तीन-चार, वायपर तीन, हीटरचा पंखा तीन. वीसच्या घरात पोचलो. वर जादा फॉग लॅम्प किंवा फोनचा चार्जर लावला की डायनामो हरला. पावसातल्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी बॅटरीतल्या साठ्यावरच चालत असते. म्हणून डायनामोच्या गाडीत चौकटीत मावेल तेवढी जास्त अँपिअर-अवरची घ्या, आणि शक्य असेल तर दिवे एलईडीचे करा (प्लस अर्थिंग असेल तर एलईडी त्या जोडणीचेच हवेत). १९६७ अखेरपासून आलेल्या अल्टरनेटरच्या गाड्यांत ३४ अँपिअर आणि पुढे त्याहून जास्त मिळतात, तेही संथ इंजिनावर बऱ्यापैकी. तिथे ४०-४४ अँपिअर-अवरची लहान बॅटरीही बिनघोर चालते.

हाच प्रश्न बॅटरीच्या आतल्या प्रकारालाही लागू होतो. साधी, पाणी घालायची शिशाची बॅटरी या जुन्या चार्जिंगला सगळ्यात चांगली समजून घेते. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर ती थोडं पाणी उडवते आणि चालू राहते. तिचा तोटा म्हणजे अॅसिड आणि वायू. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. एमजीबीची चौकट खालून उघडी आहे म्हणून बरं, पण सीटमागचीच जागा ती. शिवाय पाणी तपासायला दर वेळी गालिचा कोण उचलणार? प्रामाणिकपणे सांगायचं तर कुणीच नाही, म्हणून या जागेत पाणी न लागणारी बॅटरी शहाणपणाची.

एजीएम बॅटरीत अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. गळत नाही, हादऱ्यांना टिकते, महिनोन्महिने उभी राहिली तरी हळू उतरते. एमजीबीसाठी माझी पहिली पसंती हीच. अट एक : चार्जिंगचं व्होल्टेज आवाक्यात असायला हवं. इंजिन तीनेक हजार फेऱ्यांवर, दिवे बंद, बॅटरी भरलेली. मग टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १४.२ ते १४.५ आलं तर उत्तम. जुन्या डायनामोचा यांत्रिक रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) घसरलेला असू शकतो आणि १५ किंवा वर दाखवत असेल, तर तो आधी दुरुस्त करा. एजीएम जास्त व्होल्टेजने आतून सुकते आणि तिच्यात पाणी घालता येत नाही. जेलची बॅटरी (जिच्यात अॅसिड जेलीसारखं घट्ट केलेलं असतं) याबाबतीत आणखी नाजूक, म्हणून ती इथे नको.

लिथियमचं आकर्षण मला समजतं. शिशाच्या बॅटरीच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्शाचं वजन. स्पोर्ट्स कारवाल्याला दहा किलो कमी झाल्याचा आनंद कुठल्याही स्टीरिओपेक्षा मोठा. पण लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी रिकामी असली की मिळेल तेवढा करंट ओढते, आणि २२ अँपिअरचा डायनामो किंवा त्याचा रेग्युलेटर त्या ओढीत तापून जळू शकतो. तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने चार्जिंग चालू असताना जोडणी अचानक तोडली तर अल्टरनेटरच्या डायोडवर व्होल्टेजचा झटका बसतो. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर तिला इजा होते. आणि एक न बोललेली गोष्ट : जुन्या गाडीत बॅटरीचं वजन हे नेहमीच ओझं नसतं. १९६९ च्या पोर्श ९११ मध्ये इंजिन मागे लटकलेलं म्हणून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे, १२ व्होल्टची प्रत्येकी एक, ३६ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या. त्याच वर्षी चाकांमधलं अंतरही ५७ मिलिमीटरने वाढवलं होतं. गाडीचं नाक जमिनीला धरून ठेवणं हा त्या शिशाचा उद्देश. १९७४ पासून तिथे ६६ अँपिअर-अवरची एकच बॅटरी आली. त्या दोन-बॅटऱ्यांच्या ९११ ला लिथियमची पिटुकली बॅटरी लावणारा माणूस वजन कमी करतो आणि पोर्शने मुद्दाम साधलेला तोल सोडून देतो. (या दोघी समांतर जोडलेल्या, म्हणून तिथे मात्र अँपिअर-अवरची बेरीज होते. एमजीबीच्या उलट.)

जागा बंदिस्त असेल तर प्रकाराचा निर्णय गाडीनेच करून ठेवलेला असतो. १९८९ च्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. कंपनीने तिथे मुळातच एजीएम दिली, वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांसकट. त्या जागी दुकानदाराने 'हीपण बसते' म्हणून नळीशिवायची साधी बॅटरी ठेवली तर ती बसते खरी, पण काही वर्षांत आजूबाजूचा पत्रा अॅसिडच्या वाफेने सोलून निघतो. बंद डिकीत हायड्रोजन साठतो ते वेगळंच. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी सीटच्या मागच्या कप्प्यात आहे, तिथेही हाच विचार.

दुकानात गेल्यावर आधी बनावटीची तारीख बघा. मग मल्टिमीटर लावा. संकोच करू नका. शिशाच्या भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. नवी म्हणून विकली जाणारी बॅटरी १२.४ च्या खाली असेल तर ती बराच काळ तशीच पडून आहे आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरायला लागलंय. दुसरी मागा. प्रदर्शनवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे : जुन्या काळ्या रबरी खोक्याची, वर डांबर ओतल्यासारखी दिसणारी बॅटरी, आत आधुनिक एजीएम. दिसायला १९६३, चालायला आजची. किंमत चांगलीच टोचते.

क्लासिक गाडी चालते कमी, उभी जास्त. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर कित्येक गाड्या कव्हरखालून बाहेरच येत नाहीत. घड्याळ, चोरी रोखणारं यंत्र, रेडिओची मेमरी, असं मिळून ५० मिलिअँपिअर खर्च होत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले. ४४ ची भरलेली बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत निम्म्यावर येते, आणि निम्म्यावर पडून राहिलेली शिशाची बॅटरी खराब होत जाते. बॉडीच्या केबलवर एक फिरवायचा कट-ऑफ स्विच लावा, किंवा चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर. चार्जर एजीएमला चालणारा आहे ना, हे त्याच्या खोक्यावर बघा.

बसवून झाल्यावर एक चाचणी. इग्निशनची तार काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आणि मल्टिमीटर आधी थेट बॅटरीच्या खांबांवर धरा, क्लॅम्पवर नाही. सेल्फ फिरताना साडेनऊ-दहा व्होल्टच्या वर राहिलं तर बॅटरी चांगली आहे. मग तेच सेल्फच्या टर्मिनलवर आणि त्याच्या बॉडीवर मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर सीटमागून पुढे इंजिनापर्यंत जाणारी ती लांबलचक केबल, बॉडीला जिथे पट्टी बोल्टने लावलीय तो गंजका पत्रा, किंवा इंजिन आणि बॉडीमधली वेणीची पट्टी, यांपैकी काहीतरी व्होल्टेज खातंय. 'बॅटरी डाऊन' म्हणून बदलल्या जाणाऱ्या कितीतरी बॅटऱ्या खरं तर ठीक असतात, दोष या पट्टीत असतो. तेव्हा ही चाचणी जुनी बॅटरी काढायच्या आधीच केली तर कदाचित नवी घ्यावीच लागणार नाही. पॉलिश पेपर, पान्हा आणि थोडं ग्रीस एवढ्यावर भागेल.